नाव ठेवलं की ट्रे उचलायचा

शालनमावशी,

तुमच्या जागेवर सोमवारी नवीन बाई बसली. कंपनी स्टूल रिकामं ठेवत नाही, त्यात माझा इलाज नाही. स्टुलावर तुम्ही अंथरायचात तो गोधडीचा तुकडा तेवढा मी काढून माझ्या लॉकरमध्ये ठेवलाय. बाई चांगली आहे. हातही बरा आहे तिचा. पण ती तोंडच उघडत नाही, आणि तुमच्या जागेवरून आवाज येत नाही याची आपल्या लाईनला सवय नाही. पहिल्या दिवशी दोघीतिघी सारख्या मान वळवून तिकडं बघत होत्या. शेवटी मलाच ओरडावं लागलं, "समोर बघा, बोर्ड पुढं चाललाय."

लाईन लीडर म्हणून ओरडणं माझं काम आहे, पण तुमच्यासारखं ओरडायला मला जमत नाही. तुम्ही ओरडलात की लाईन हसायची आणि हात भराभर चालायचे. मी ओरडले की नुसते हात चालतात.

आपण काय बनवतो हे माझ्या घरी अजून कुणाला धड कळलेलं नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "वैशाली रांजणगावात वायरी विणती." मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय, कारण ते फारसं चूक नाही. गाडीच्या पोटातून दिव्यांना, हॉर्नला, वायपरला जाणाऱ्या रंगीत वायरी बोर्डावर अंथरायच्या, टोकं कनेक्टरच्या भोकात सारायची, टक असा आवाज आला की हलकेच ओढून बघायचं, आणि बोर्ड पुढच्या बाईकडं. शेवटी टेस्टिंगच्या टेबलावर संगीता बसलेली. हिरवा दिवा लागला तर माल पुढं, लाल लागला तर लाल ट्रेमध्ये. मग तो पीस कुणीतरी उसवून पुन्हा नीट करायचा.

मी आले तेव्हा माझे पीस सारखे लाल ट्रेमध्ये जायचे. शेजारशेजारची दोन भोकं, एक गुलाबी वायरीचं आणि एक जांभळीचं. मला दोन्ही रंग नीट दिसायचे, पण हात घाई करायचा आणि जांभळी गुलाबीच्या घरात जाऊन बसायची. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला तेव्हा तुम्ही तो पीस हातात धरून उभ्या राहिलात आणि सगळ्या लाईनला ऐकू जाईल असं म्हणालात, "ह्या गाडीचा हॉर्न दाबला तर वायपर हालंल! ए अदलाबदल, कुठं शिकलीस गं हे?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. मनात म्हटलं, ही कोण म्हातारी मला नाव ठेवणारी? आणि मान वर केली तर तुम्ही माझा अख्खा लाल ट्रे उचलून तुमच्या टेबलावर घेऊन चालला होतात. मला वाटलं, साहेबांना दाखवायला नेतायत. तुम्ही मात्र माझं ते उलटंपालटं काम एकेक करून उसवायला बसलात, स्वतःचा बोर्ड सांभाळून.

संगीतानं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, आपल्या लाईनची रीत अशी आहे. ज्यानं नाव ठेवलं, त्यानं त्या बाईचा लाल ट्रे उचलायचा. नाव गळून पडेपर्यंत. म्हणूनच तर नाव ठेवायला सहसा कुणी पुढं येत नाही. हसायला सगळ्या असतात, पण उसवायला कोण बसणार? तुम्ही एकट्याच बसायचात.

मग मला तुमच्या नावांची गोडी लागली. ती घडवायची तुमची तऱ्हाच न्यारी होती. माणसाच्या तोंडात सारखा येणारा शब्द तुम्ही पकडायचात आणि त्याला आडनावाचं शेपूट लावायचात. काहीही विचारलं की "साहेबांना विचारतो" म्हणणारा इंजिनिअर झाला विचारतोकर. पीस उलटासुलटा करून "बघू या" म्हणत ठेवून देणारा क्वालिटीवाला बघूया पाटील. मशीन बंद पडल्यावर "होईल, होईल" म्हणत चहाला जाणारा मेंटेनन्सवाला होईलराव. त्याला ते नाव तुम्ही तोंडावर सांगितलंत, कारण पाठीमागं ठेवलेलं नाव तुमच्या लेखी चहाडी होती. तो हसला आणि म्हणाला, "होईल सवय." मी तुम्हाला विचारलं, मावशी, आता याचा कुठला ट्रे उचलणार? त्याचं मशीन दुरुस्त करणार का? तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चहाच्या सुट्टीत ब्रश घेऊन त्या मशीनखालचा तारांचा कचरा झाडायला लागलात. कचरा साठला नाही, तर मशीन अडत नव्हतं.

आणि मानाची उतरंड तर तुमच्याकडं उलटीच होती. जगात काम वाढलं की मान वाढतो, तुमच्याकडं चुका वाढल्या की वाढायचा. मी आधी नुसती अदलाबदल होते. दुसऱ्या आठवड्यात अदलाबदलताई झाले. दिवाळीच्या गर्दीत हात अगदीच घसरला तेव्हा अदलाबदलबाईसाहेब! बसमध्येसुद्धा, "बाईसाहेब, खिडकी लावता का जरा?" मग हळूहळू बाईसाहेब गेलं, ताई गेलं, अदलाबदलही गेलं. एक दिवस शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये चढताना तुम्ही नुसतं म्हणालात, "ए वैशे, सरक की पलीकडं." बस्स. त्या संध्याकाळी मी घरी कांदाभजी केली. नवऱ्यानं विचारलं, काय विशेष? त्याला काय सांगणार, की आज मला एका बाईनं "ए" म्हटलं म्हणून!

अंगावरून, गावावरून, जातीवरून, कुणाच्या बोलण्याच्या ढंगावरून तुम्ही कधी नाव ठेवलं नाहीत. एकीनं बिहारकडच्या मुलीला तिच्या भाषेवरून काहीतरी म्हटलं, तेव्हा तुम्ही त्या बोलणारीला फाडून खाल्लंत. "हातातलं काम बघ तिच्या. जिभेला काय बघतीस?"

हे सगळं कुठून आलं, ते तुम्ही एकदाच सांगितलंत, पार्किंगच्या शेडमध्ये डबा खाताना. तुमचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. पुढं भांडगावच्या बाजूला जमीन झाली, विहीर झाली, तुमचे भाऊ शेवंती लावायला लागले आणि मेंढरं संपली. पण लहानपणी तुम्ही मेंढरांच्या वाड्यामागून पुष्कळ चालला होतात. तुम्ही म्हणालात, "आमच्या आबानं सगळ्या मेंढरांना नावं न्हाई ठेवली. जे लंगडं, जे मागं ऱ्हायाचं, जे वाट चुकायचं, त्यालाच नाव. हाक माराय लागती ना! आन् वढा लागला की त्येच आबाच्या खांद्यावर." मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणालात, "शहाण्या मेंढराला कशाला पायजे नाव?"

मला ते फार आवडलं होतं. आजही आवडतं. आणि तरी मी तुमच्याशी भांडले, मावशी, ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

रेश्मा आली तेव्हा मी नुकतीच लीडर झाले होते. लातूरकडची, सणसवाडीत खोली घेऊन राहणारी. नवरा आपल्या पलीकडच्या कंपनीत, आपल्याच बसनं दोघांचं येणंजाणं. कामाला वाईट नव्हती. पण बोर्ड पुढं सरकायला लागला की घाबरून त्याच्याशीच बोलायची, "थांबा, थांबा." बोर्ड काय थांबणार? तुम्ही तिला थांबाताई म्हटलंत आणि रिवाजाप्रमाणे तिचा ट्रे उचललात. आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली, निदान मला तसं वाटलं. महिन्याभरानं तिनं एचआरकडं तक्रार केली. लाईनवर मला नावानं चिडवतात, म्हणाली. कुणाचं नाव घेतलं नाही. मग भिंतीवर सूचना लागली, सहकाऱ्यांना टोपणनावानं हाक मारू नये. सकाळच्या मीटिंगमध्ये ती वाचायचं काम माझ्याकडं आलं.

मी वाचली. आणि मावशी, मला ती पटली होती, म्हणून नीट, मोठ्यानं वाचली. एका बाईला त्रास होतोय, ती सांगतेय, तर थांबावं, यात वाद कसला?

त्या संध्याकाळी तुम्ही बसमध्ये माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "ठीक हाय. नाव न्हाई तर ट्रेबी न्हाई."

"हे काय मावशी? नाव न ठेवता मदत नाही करता येत?"

"तसं जमत न्हाई मला. नाव ठेवलं म्हंजी ती माझी झाली. न्हाईतर मी कोण तिच्या मालाला हात लावणारी?"

आणि तुम्ही शब्दाला जागलात. हट्टी होतात तुम्ही, आज गेलात म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही. लाल ट्रे साठायचा आणि तुम्ही त्याच्या शेजारी हातावर हात ठेवून बसायचात. त्याच सुमाराला कंपनीनं भिंतीवर मोठा फळा लावला. प्रत्येकीचा फोटो, खाली एक गोल. काम येईल तसा तो गोल पाव भरायचा, अर्धा भरायचा, पूर्ण भरायचा. शेजारी तिचे रिजेक्ट पीस. रेश्माचा गोल पावाच्या पुढं गेलाच नाही. जाता-येता सगळ्यांना दिसायचा. मी तुम्हाला म्हटलं होतं, निदान हा फळा कुणाला हसत तरी नाही. तुम्ही फळ्याकडं बघून म्हणालात, "हसत न्हाई. आन् उठून येतबी न्हाई."

दिवाळीनंतर रेश्मा नोकरी सोडून गेली. आपल्या दोघींत तो विषय नंतर जेवणाच्या डब्यातल्या खड्यासारखा राहिला. मधूनच दाताखाली यायचा.

तुम्ही आजारी पडून भावाकडं भांडगावला गेलात, तेव्हा मी रविवारी भेटायला आले. पडवीत खाटेवर बसला होतात. समोर शेवंतीचं रान फुललेलं, भावजय परडीभर फुलं तोडून येत होती. तुमचे हात मला आधी दिसले. रिकामे हात कसे ठेवायचे हे तुम्हाला माहीतच नव्हतं, तुम्ही चादरीची दशी ओढून बघत होतात, टक वाजल्यावर वायर ओढून बघतो तशी.

"लाल ट्रे कोण बघतं?" तुमचा पहिला प्रश्न.

"ज्याचा त्याचा."

"म्हंजी कुणीच न्हाई." मग तुम्ही विचारलंत, "ती थांबाताई कुठं हाय गं?"

"माहीत नाही मावशी. आणि तिला रेश्मा म्हणा."

"रेश्मा. रेश्मा." तुम्ही दोनदा म्हणून बघितलंत. "मी तिचं काय वाईट केलं? सांग तू. तिचा सगळा माल माझ्या टेबलावर येत व्हता."

"तुम्ही वाईट नाही केलं. पण तिला लागलं."

"तुला न्हाई लागलं?"

"लागलं होतं."

"मग?"

"मग काय, मला नंतर बरं वाटलं. सगळ्यांनाच वाटेल असं कुठंय?"

भावजयीनं चहा आणला. "मी बरी झाली की बघू," म्हणालात. "तू चुकतीस कुठंतरी. मला सापडंना झालंय, पण चुकतीस." जाताना ओंजळभर शेवंती दिलीत. मी म्हटलं, बऱ्या व्हा आणि या, तिथंच भांडू. तुम्ही आला नाहीत.

दहाव्याला आम्ही लाईनवरच्या बऱ्याच जणी आलो होतो, तुमच्या सासरी, नदीवर. रेश्माही आली होती. मला वाटलं नव्हतं. ती घाटाच्या कडेला एकटीच उभी होती, म्हणून मी तिच्याजवळ गेले. तिला कुणी सांगितलं ते विचारलं, तर संगीता अजून फोन करते म्हणाली. मग तीच बोलली. आणि ती जे बोलली ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. ते सांगायलाच मी हे लिहायला बसले, बाकी सगळं ओघात आलं.

ती म्हणाली, "मावशींचा राग नव्हता मला. त्या म्हणायच्या तेव्हा हसूच यायचं. पण बसमध्ये यांनी ते ऐकलं." यांनी म्हणजे तिच्या नवऱ्यानं. "घरी आल्यावर, थांबाताई, भाकरी झाली का? पाहुण्यांसमोर, आमच्या थांबाताईला विचारा. पोरगंसुद्धा म्हणायला लागलं. घरात मला नावच उरलं नाही, ताई."

मी विचारलं, "मग तू मावशींना का नाही सांगितलंस?"

"नवऱ्याचं कसं सांगायचं? त्यापेक्षा नावाची तक्रार सोपी होती." मग पिंडांकडं बघत म्हणाली, "तरी आले. माझा माल रोज त्यांनी उसवला होता, तेबी खरंच आहे ना."

मावशी, तुम्हाला सापडत नव्हतं ते हे होतं. आणि मलाही सापडलेलं नव्हतं. आपण दोघी नाव चांगलं की वाईट यावर भांडत राहिलो. ते नाव तुमच्या तोंडात होतं तोवर त्याच्यामागं तुमचे हात होते. ते बसमधून सणसवाडीला उतरलं तेव्हा एकटंच उतरलं. तिच्या नवऱ्यानं नाव उचललं, ट्रे उचलला नाही. आबांनी नाव ठेवलेलं मेंढरू दुसऱ्या कुणी हाक मारून पळवत नेलं, असं काहीसं झालं. हे तुम्हाला आधी कळलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत, याची मी कल्पना करून बघते. तुम्ही त्या माणसाला बसमध्येच गाठलं असतंत. त्याला असं काही नाव ठेवलं असतंत की तो जन्मात विसरला नसता. आणि मग मला प्रश्न पडतो, की त्याचा ट्रे तुम्ही कसा उचलला असतात. तुम्हाला विचारायला हवं होतं.

परत येताना गाडीत बायकांनी विषय काढला. मावशींच्या आठवणीसाठी नावं पुन्हा सुरू करू या, एचआरनं कानाडोळा करावा. मी नाही म्हटलं. रेश्माचं सांगणं शक्य नव्हतं, ते तिचं होतं. त्यामुळं मी नुसतीच नाही म्हणणारी ठरले. संगीता फटकन म्हणाली, "तुला मावशीनं माणसात आणली, आन् तूच तिची रीत मोडतीस." गाडीभर कुणी माझ्याशी बोललं नाही. मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत रडले.

तेव्हापासून लाईन दुखरी होती. काम चालायचं, बोलणं नाही. लाल ट्रे साठत होता आणि ज्याचा त्याचा होता. नवीन बाईचेही दोन-चार पीस त्यात पडायला लागले. ती त्यांच्याकडं चोरून बघायची आणि मग भिंतीवरच्या फळ्याकडं. रेश्मा बघायची तशीच. ते मला बघवेना. मी चुकतेय असं तुम्ही म्हणाला होतात ना? मला वाटलं, मी चुकत असेन तर ती इथं.

काल दुपारी मी उठले आणि तिचा ट्रे उचलला. नाव काही ठेवलं नाही. लॉकरमधला गोधडीचा तुकडा आणला, तिच्या शेजारी स्टूल ओढलं आणि उसवायला बसले. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, मी करते." मी म्हटलं, "तू बोर्ड बघ." आजूबाजूला सगळ्यांचं लक्ष होतं. लीडर ट्रेवर बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. मी ऐटीत पहिला पीस केला, टक ऐकलं, ओढून बघितलं आणि टेस्टिंगला दिला.

लाल दिवा.

किती दिवसांत मी हातानं काम केलं नव्हतं, मावशी! लीडर झाल्यापासून नुसतं बोट दाखवत फिरते. जांभळी गुलाबीच्या घरात जाऊन बसली होती, पहिल्या आठवड्यात बसायची तशीच. नवीन बाई माझ्याकडं बघत होती. मी संगीताच्या टेबलावरून पीस परत घेतला आणि माझ्या जागेकडं वळले.

आणि पाठीमागून संगीताचा आवाज आला. तुमच्यासारखाच, सगळ्या लाईनला ऐकू जाईल असा.

"ओ अदलाबदलबाईसाहेब!"

कुणीतरी दबकून भिंतीवरच्या सूचनेकडं बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं. माझं नाव तेवढं माझंच होतं, ते घ्यायचं की नाही हे मला ठरवता येत होतं. मी वळले आणि ओ दिली. "काय गं?" म्हटलं.

संगीता हसत होती. मग तिचं हसू थांबलं, तिला रीत आठवली असावी. ती टेस्टिंगचं टेबल सोडून उठली, लाईनीमागून चालत माझ्यापर्यंत आली आणि तिनं हात पुढं केला.

"आण हिकडं," म्हणाली.

मी पीस तिच्या हातात दिला.